केसर प्रेसिंगचा वकील

केसरबाईंनी डबा सलिलच्या टेबलावर असा आदळला, की त्याच्या हातातलं पेन घसरून कागदावर लांब रेघ उमटली.

"हे काय हाय?"

सलिल उठून उभा राहिला. "काकू, आधी बसा ना. जिना चढून आलात."

"बसायला आले न्हाई. हे काय हाय ते सांग."

"डबा."

"डबा हाय ते मला बी दिसतंय. डोळ्याचं आप्रेशन झालंय माझं, चांगलं लख्ख दिसतंय. काल ड्रायव्हरच्या हाती भरून धाडला, तो भरलेलाच माघारी आला. झाकण काढून वाससुद्धा घेतला न्हाईस. मेथी व्हती, लसूण घालून, तुला आवडती तसली. आन् ड्रायव्हर मला चारचौघांत सांगतो, साहेब नको म्हणाले. नको? पोटाला काय झालंय तुझ्या? का तोंडाला?"

बाहेरच्या टेबलावर इंदुताईंचं टायपिंग थांबलं. सलिलच्या ऑफिसात त्या शरच्चंद्र वकिलांच्या वेळेपासून होत्या आणि कुठल्या अशिलाच्या वेळी थांबून ऐकायचं हे त्यांना पाठ होतं.

थेरगावात डांगे चौकाजवळ, साड्यांच्या दुकानावरची ही खोली आधी सलिलच्या वडिलांची, शरच्चंद्रांची. भिवा ओव्हाळांनी नोकरी सोडून भोसरीत अर्धा गाळा भाड्याने घेतला, त्यात एक जुना पॉवर प्रेस बसवला, तेव्हाचे कागद शरच्चंद्रांनीच केले. नाव काय द्यायचं असं त्यांनी विचारलं, तर भिवाने बायकोला न विचारताच सांगून टाकलं, केसर. पुढे गाळ्याची शेड झाली, धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, चाकणला दुसरी शेड उभी राहिली. भिवा गेला, शरच्चंद्र गेले. पाटी राहिली: केसर प्रेसिंग. आता कंपनीचे संचालक तिघं. केसरबाई स्वतः, भोसरी सांभाळणारा थोरला बुद्धभूषण आणि चाकण सांभाळणारी धाकटी मिनल. आणि कंपनीचा वकील सलिल, जो केसरबाईंच्या लेखी वकील नंतर, घरचा पोरगा आधी.

म्हणूनच त्यांचं पित्त खवळलं होतं.

"तुझा बाप माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून जेवला," त्या म्हणाल्या. "सुकटीची चटणी मागून घेतली त्यानं. हात धुतला आन् परत बसला. त्याला आमचं चालत व्हतं. तुला कधीपासनं चालेनासं झालं?"

बोलून झालं आणि त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. लहानपणी त्या दुसऱ्यांच्या ओट्याखाली उभं राहून ओंजळीत वरून पडणारं पाणी प्यायल्या होत्या. काल भरला डबा परत आला, तेव्हापासून त्यांच्या घशात तेच पाणी अडकलं होतं.

सलिलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फायलींच्या कपाटामागे वाकून त्याने एक पेढ्यांचा पुडा काढला, बांधलेला दोरा तसाच. मग निळा थर्मास काढला. दोन्ही वस्तू त्याने डब्याशेजारी ठेवल्या.

"हे पेढे भूषणदादाचे. परवा आणून दिलेले. ही मिनलची कॉफी. फिल्टरची, ती स्वतः करते ती. थर्मास आज संध्याकाळी परत जायचाय. कॉफी इंदुताईंनी बेसिनमध्ये ओतली, मी बघतसुद्धा नव्हतो, मला बघवेना."

केसरबाईंनी तिन्ही वस्तूंकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि बसल्या.

"पेढे कुठले?"

"चिंचवडचे."

"महागाचे आणले मेल्यानं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता. "काय मागत व्हता?"

सलिलने फाइलमधून दोन कागद काढून त्यांच्यासमोर मांडले. केसरबाई दुसरी शिकलेल्या. छापील अक्षर त्यांना सुटं सुटं लागे, पण हे वरचं नाव वाचायला त्यांना थांबावं लागत नसे. दोन्ही कागदांवर वर केसर प्रेसिंग, दोन्हीवर खाली गोल शिक्का.

"हा भूषणदादाचा. म्हणतो, कंपनीने मिनलवर केस करावी, आणि वकील म्हणून मी उभं राहावं. हा मिनलचा. म्हणते, कंपनीने दादावर केस करावी, आणि वकील म्हणून मी उभं राहावं."

"कंपनीनं कंपनीवर केस करायची?"

"दोघांनाही वाटतंय की कंपनी म्हणजे आपण."

भांडण केसरबाईंना ठाऊक होतं, ते कागदावर चढलंय हे ठाऊक नव्हतं. पत्र्याला आकार देणारे जड पोलादी साचे, गाळ्यात सगळे त्यांना डाय म्हणत, ते पहिल्यापासून भोसरीतच राहत आले. मिनलचं म्हणणं, गिऱ्हाइकं चाकणला, नवे प्रेस चाकणला, मग डाय भोसरीत कशाला? भूषणचं म्हणणं, एकदा डाय गेले की भोसरीची शेड नुसता पत्रा. बाबांच्या वेळची माणसं कुठे जातील? दोन वर्षं हे जेवताना चाललं होतं. मग एका गुरुवारी मिनलने टेम्पो लावून दोन डाय उचलून नेले. दुसऱ्या दिवशी भूषणने डायच्या खोलीला नवं कुलूप घातलं. आता चाकणचे प्रेस बंद, दोन डाय नसल्याने भोसरीचेही बरेचसे बंद, आणि ज्या कंपनीसाठी दोघं माल करत तिथला साहेब रोज फोन करत होता.

"मी सांगते तसं कर," केसरबाई म्हणाल्या. "दोघांना एकेक नोटीस धाड. केसर प्रेसिंगतर्फे. लिव्ह, की निमूट कामाला लागा, न्हाईतर आई येऊन कानाखाली वाजवेल."

"असं लिहिता येत नाही."

"कानाखालीचं सोड मंग. बाकीचं लिव्ह."

"बाकीचंही नाही, काकू. तुम्ही एकट्या सांगताय. एकट्याच्या सांगण्यावरून मी कंपनीतर्फे उभा राहिलो, तर उद्या त्या दोघांपैकी कोणीही कोर्टात विचारेल, याला कोणी नेमलं? आणि त्याचं बरोबर असेल."

"पाटीवर नाव कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मंग?"

"नाव तुमचं आहे. कंपनी वेगळी आहे." सलिलने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "ती तुम्ही नाही, दादा नाही, मिनल नाही. तुम्ही तिघं बसून, दोघांचे हात जिकडे वर होतील, ते कंपनीचं म्हणणं. तसं झालं तर मला त्यांच्यापैकी कोणाच्याही विरुद्ध उभं राहावं लागेल." तो जरा थांबला. "तुमच्याविरुद्धही."

इंदुताईंनी बाहेर पुन्हा टायपिंग सुरू केलं, अगदी हळू.

कोणी तोंडावर असं बोललेलं केसरबाईंना अलीकडे ऐकायला मिळत नसे. घरात सगळे त्यांना सांभाळून बोलत, म्हणजे खोटं बोलत.

"काढ मंग कागद," त्या म्हणाल्या. "सभा झाली असं लिव्ह. सही करते. आमच्या सभा अशाच व्हतात. भूषण जेवायला बसला की कागद सरकवतो, मी हात धुऊन सही करते. तिकडं लिवलेलं असतं, श्रीमती केसरबाई हजर होत्या."

"माहीत आहे. ते कागद इथूनच यायचे."

"मंग आता काय झालं?"

"तेव्हा भांडण नव्हतं. भांडण नसलं की सही चालून जाते. आता खरंच बसावं लागेल. सात दिवस आधी तिघांना नोटीस, तिघांसमोर विषय, आणि हात."

केसरबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, डबा उचलला. बाहेर येऊन तो त्यांनी इंदुताईंच्या टायपिंगच्या कागदांवर ठेवला.

"तू तरी कंपनीची वकील न्हाईस ना ग?"

"नाही हो, मावशी."

"मंग जेव. भाकरी कालची न्हाई, आज परत केलीय. आन् भांडं घासून धाड, तुमचा साहेब भरलेलं धाडतो."

*

सभेची नोटीस पोस्टाने आली. पोस्टमनकडून सही करून घेताना केसरबाईंना हसू आलं आणि रागही आला. पत्ता छापलेला होता: श्रीमती केसरबाई भिवा ओव्हाळ, संचालक. आत विषय लिहिले होते, बैठकीची जागा भोसरीची शेड, वार गुरुवार. गुरुवार म्हणजे भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी. प्रेस बंद, बोलणं ऐकू येणार.

त्या आठवड्यात दोन्ही पोरं आईची फार काळजी घेऊ लागली.

भूषण रोज संध्याकाळी येई. गुडघ्याचं तेल आणलं, स्वतः चोळायला बसला. चोळता चोळता म्हणाला, "आई, बाबांनी तो पहिला प्रेस बसवला तेव्हा पाया खणायला मी होतो. चिखलात. आठवतंय?"

"आठवतंय. तू खणलास कमी, लोळलास जास्त."

"ती जागा आपण रिकामी होऊ द्यायची?"

त्याच्या कपाळावरचे केस मागे गेले होते. तेल चोळणारी बोटं भिवासारखीच जाड. केसरबाईंनी गुडघा आखडून घेतला.

"आई, तू काही बोलू नकोस त्या दिवशी," भूषण म्हणाला. "तू फक्त हात वर कर. बाकी मी बघतो."

मिनल त्यांना गाडीत घालून चाकणला घेऊन गेली. शेड भली मोठी, उजेडाची. जमीन इतकी स्वच्छ की केसरबाईंनी चपला काढायला पाय उचलला. नवे प्रेस ओळीने उभे होते, एकही चालत नव्हता. माणसं मोबाइल बघत बसलेली, मिनल आत आल्यावर उठून उगाच पुसापुशी करू लागली.

"बघ, आई. हे सगळं मोठ्या डायसाठी थांबलंय, तो नसेल तर नेलेले दोन नुसते पडून. तो दादा नुसता हट्टाला पेटलाय. मी त्याला दोन वर्षं समजावलं, तेव्हा नेले."

"न विचारता नेलेस."

"विचारून तो देणार होता?"

"न्हाई," केसरबाई म्हणाल्या. "पण न विचारता नेलेस."

मिनलने नाक उडवलं. हे नाक उडवणं कुणाचं, ते केसरबाईंना आरशात रोज दिसत असे. परतताना मिनलने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि गाडीच्या काचेतून पुढे बघत म्हणाली,

"तुला त्रास नको व्हायला म्हणून सांगते. तू फक्त हात वर कर. बाकीचं मी बघते."

आजवर घरात केसरबाईंना हेच ऐकू येत आलं होतं: आई, तू फक्त सही कर. आई, तू फक्त फोटोला उभी राहा. फोटो तर पूजेच्या, उद्घाटनाच्या, नव्या प्रेसला हार घालण्याच्या सगळ्या प्रसंगांचे होते, आणि सगळ्यांत त्या मधोमध उभ्या होत्या. सलिलने पोस्टाने पाठवलेल्या त्या कागदावर मात्र त्यांना एक काम दिलेलं होतं. संचालक, असा हुद्दा होता. त्यांनी तो कागद चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला, विषय पहिला, विषय दुसरा, बोट ठेवून, एकेक अक्षर. दोन्ही विषयांत एक पोर फिर्यादी होतं आणि एक आरोपी.

त्यांनी कुणाच्याही बाजूने हात वर केला असता तरी दुसरं पोर त्या हाताखाली येणार होतं. आणि ते पोर नंतर गुडघ्याला तेल लावायला येणार नव्हतं. किंवा गाडीत घालून न्यायला येणार नव्हतं.

*

गुरुवारी भोसरीची गल्ली सुट्टीची होती, चहाची टपरीही अर्धी मिटलेली. शेडच्या वरच्या अंगाला, लोखंडी जिन्याने चढून जायची एक केबिन होती. तिथून खाली सगळे प्रेस दिसत आणि एका कोपऱ्यात डायच्या खोलीचं शटर, नव्या कुलुपासकट. भूषण आधीच आला होता. मिनल आली आणि त्याच्या समोरची खुर्ची सोडून शेजारची घेतली, म्हणजे तोंड बघायला नको. सलिल टेबलाच्या टोकाला, वेगळा बसला. बिसलेरीची बाटली त्याने स्वतः आणली होती.

"पहिलं म्हणजे अध्यक्ष कोण?" त्याने विचारलं.

"आई," भूषण म्हणाला.

"आई," मिनल त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. महिन्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

सलिलने विषय पहिला वाचला. कंपनीने संचालक मिनल ओव्हाळ यांच्यावर दोन डाय परत मिळवण्यासाठी दावा लावावा, आणि कंपनीतर्फे वकील म्हणून त्याला अधिकार द्यावा. वाचताना त्याचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा होता, ना इकडचा ना तिकडचा.

"बाजूने?"

भूषणचा हात वर गेला. तो आईकडे बघत होता.

केसरबाईंचे दोन्ही हात मांडीवर, पदराखाली होते. ते तिथेच राहिले.

"आई."

"दिसतंय मला. आप्रेशन झालंय."

"एक," सलिल म्हणाला. "नामंजूर. विषय दुसरा." तोही त्याने तसाच वाचला. भूषण ओव्हाळ यांच्यावर दावा, कुलूप काढण्यासाठी.

मिनलचा हात वर गेला. केसरबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित हात आपोआप उठला असता. त्यांनी बोटं एकमेकांत अडकवली.

"एक. नामंजूर." सलिलने पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे या भांडणात कंपनी कोणावरच दावा लावत नाही. आणि मला कंपनीतर्फे उभं राहायचा अधिकार नाही."

"ठीक आहे," भूषण खुर्ची मागे ढकलत म्हणाला. "मी माझा वकील आणतो."

"आण ना, दादा. तो तुझा असेल. तुझ्या नावाने बोलेल. केसर प्रेसिंगच्या नावाने तो एक ओळ लिहू शकणार नाही. मिनलचाही नाही."

"मग हे असंच पडून राहणार?" मिनल म्हणाली. "खाली प्रेस बंद, तिकडे प्रेस बंद?"

कुठल्या तरी दूरच्या शेडमध्ये सुट्टी असूनही कुणीतरी एकटाच हातोडा मारत होता.

"सलिल," केसरबाई म्हणाल्या, "अध्यक्षाला नुसतंच बसायचं असतं, का काही मांडता बी येतं?"

सलिलने टोपण परत काढलं. "येतं."

"तिघं हजर असल्यावर? कागदात नसलं तरी?"

"तिघांची हरकत नसेल तर."

"हाय का रे हरकत? हाय का ग?"

दोघांनी माना हलवल्या, आईपुढे हलवतात तशा.

"मंग लिव्ह. माझ्या भाषेत सांगते, तू तुझ्या भाषेत कर." केसरबाईंनी पदर नीट केला. घसा खाकरला. आवाज जरा कापला, तो त्यांनी खोकल्यात घातला. "डाय केसर प्रेसिंगचा. भोसरीचा न्हाई, चाकणचा न्हाई. ज्या शेडला काम, त्या शेडला डाय. काम संपलं की आठ दिवसांत तेलपाणी करून भोसरीत माघारी, कारण डाय दुरुस्त करणारे हात हितं हायेत, तिकडं नुसत्या फरश्या. न विचारता कुणी उचलायचा न्हाई. खोलीच्या दोन किल्ल्या, एक ह्याच्याकडं, एक हिच्याकडं. आन् जो मोडेल, त्याच्यावर कंपनी दावा लावेल, सलिल उभा राहील. भूषण मोडो, मिनल मोडो, न्हाईतर मी मोडो."

सलिल लिहीत होता. लिहिणं संपल्यावर त्याने वाचून दाखवलं. तेच होतं, फक्त फरश्या गेल्या होत्या.

"बाजूने?"

केसरबाईंनी हात वर केला. आजवर फोटोत, बोर्डावर, कागदावर त्यांचं नाव होतं. हात पहिल्यांदाच वर गेला होता आणि दंडातलं ब्लाउज काचत होतं. त्यांनी तो खाली घेतला नाही.

मिनल वहीवर रेघोट्या मारत राहिली. डाय परत पाठवायचे, हे तिला गिळवत नव्हतं. मग तिने पेन ठेवलं आणि हात वर केला, अर्धाच, कोपर टेबलावर ठेवून.

भूषणने केला नाही.

"दोन," सलिल म्हणाला. "मंजूर."

भूषण उठला. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि ते लपवायला तो टेबलावरचा मोबाइल शोधत होता, जो त्याच्या हातातच होता.

"तू माझ्याविरुद्ध हात वर केलास, आई."

"तुझ्या कुलपाविरुद्ध केला."

"एकच ते."

"न्हाई रे, बाळा," केसरबाई म्हणाल्या. "एक असतं तर केला नसता."

तो लोखंडी जिना उतरला. प्रत्येक पायरी वाजली. केसरबाईंना वाटलं आता गाडीचं दार वाजेल, मग गाडी. मग उद्या संध्याकाळ होईल आणि तेलाची बाटली कपाटात तशीच राहील. त्यांनी खाली बघितलं नाही.

सलिलने तिथेच पत्र लिहिलं. बैठकीच्या ठरावानुसार संचालक बुद्धभूषण ओव्हाळ यांनी डायच्या खोलीची दुसरी किल्ली संचालक मिनल ओव्हाळ यांना द्यावी, न दिल्यास कंपनी पुढील कारवाई करेल. केसर प्रेसिंगतर्फे. वकील सलिल. खाली अध्यक्षाच्या सहीला जागा.

केसरबाईंनी चष्मा लावला. मुलाच्या नावापाशी बोट थांबलं. पूर्ण नाव त्यांनी क्वचितच वाचलं होतं. भिवाने ठेवलेलं, पाळण्यातून उचलताना घाईत उच्चारताही न येणारं. त्यांनी सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.

तेवढ्यात खालून शटर वर जाण्याचा आवाज आला. बरेच दिवस न उघडलेलं शटर रडतं तसा.

"मिने!" भूषण खालून ओरडला. "मोठा डाय कुठल्या टेम्पोने नेणारेस? दोरानं बांधू नकोस परत, कळलं का? गेल्या वेळी कोपरा मोडला असता! उचलायला चेन पुली लागते त्याला! अक्कल गहाण ठेवून आली होतीस का?"

मिनल खुर्ची उलटवत उठली. "तू दिली असतीस का चेन पुली? तू?" आणि ती जिना दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली. खालून दोघांचे आवाज एकदम येऊ लागले, कोण काय म्हणतंय ते कळेना, पण त्यात चेन, पुली, टेम्पो असे शब्द होते.

केबिनमध्ये दोघंच उरले. केसरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसत राहिल्या.

सलिल हसत होता. महिनाभरात पहिल्यांदाच तो खुर्चीत मागे टेकला होता. मग त्याने सही केलेलं पत्र उचललं, दुमडलं, आणि खिशात घालत म्हणाला,

"जाऊ दे, काकू. हे आता नको पाठवूया. उघडलंय की त्याने. उगाच लागेल त्याला."

केसरबाईंचा हात चष्म्यावर थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या पोराने माझा डबा परत पाठवला होता, हे त्यांच्या डोळ्यांत एकदा येऊन गेलं, आणि मग दुसरंच काही आलं.

"दे हिकडं."

त्यांनी पत्र घेतलं, टेबलावर हाताने दाबून घडी मोडली, सपाट केलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"आज उघडलं, उद्या लावेल. तुझ्याच तोंडानं मला म्हणालास, भांडण नसलं की सही चालून जाते. आज भांडण मिटलं म्हणून परत तसंच चालू द्यायचं? हे माझं पत्र न्हाई, भूषणच्या आईचं न्हाई. कंपनीचं हाय."

"काकू..."

"काकू कोण? अध्यक्ष म्हण." त्या टेबलाच्या कडेला धरून उठल्या, आणि त्याचा दंड पकडला, गुडघ्याला आधार म्हणून, चांगला घट्ट. "इतके दिवस तू बरोबर व्हतास, सलिल, आन् मी चुकले व्हते. आत्ता तू चुकलास. आदी ते पत्र पोस्टात टाक. मंग हो घरचा."